चॅलेंजरचे निकाल पण छापत जा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी तुमच्या पेपरचा जुना वाचक, सकाळी चहाबरोबर आधी खेळाचं पान आणि मग बाकी सगळं. विंबल्डन, यूएस ओपन तुम्ही फोटोसकट छान देता, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही, पण टेनिसच्या चॅलेंजर टूर्नामेंटचा, म्हणजे मोठ्या स्पर्धांच्या एक पायरी खालच्या टूर्नामेंटचा निकाल कधी म्हणजे कधीच दिसत नाही आणि हे मला फार खटकतं म्हणून लिहायला बसलो.

माझी भाची 13 वर्षांची आहे, टेनिस खेळते. यानिक सिनरचा विंबल्डनचा कप घेतलेला फोटो तिने तुमच्याच पेपरमधून कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. परवा विचारत होती, मामा हा पहिला मोठा कप कुठे जिंकला? मी म्हटलं बर्गामो. तिने हे नाव ऐकलंच नव्हतं, आणि ऐकणार तरी कुठून?

बर्गामो उत्तर इटलीत, मिलानजवळ. तिथली चॅलेंजर टूर्नामेंट कित्येक वर्षं फेब्रुवारीत, ऐन थंडीत व्हायची म्हणून इनडोअर, हॉलमध्ये. 2019 साली सिनर तिथे वाइल्ड कार्डवर, म्हणजे रँकिंग पुरेसं नसताना आयोजकांनी दिलेल्या खास प्रवेशावर खेळायला आला, वय 17, रँकिंग 546, आणि फायनलमध्ये रॉबर्तो मार्कोराला 6-3, 6-1 असं हरवून कप घेऊन गेला. वर्षअखेर तो पहिल्या शंभरात होता आणि 2024 च्या जूनमध्ये जगात नंबर एक. सिनरच्या आदल्या वर्षी, 2018 ला, बर्गामोतच मातेओ बेरेत्तिनी जिंकला होता, जो 2021 ला विंबल्डनची फायनल खेळला. 2023 ला जॅक ड्रेपर जिंकला, त्याने 2025 मध्ये अमेरिकेतली इंडियन वेल्सची मोठी टूर्नामेंट मारली.

पण मला बर्गामोच्या विजेत्यांच्या यादीतलं सगळ्यात आवडतं नाव 2017 चं, येर्झी यानोविच. हा पोलंडचा उंचापुरा मुलगा 2013 ला विंबल्डनच्या सेमीफायनलपर्यंत गेला होता, मग गुडघा दुखावला, रँकिंग पार घसरलं, आणि चार वर्षांनी परत छोट्या हॉलमध्ये येऊन खेळला आणि जिंकला पण. म्हणजे त्याच कपाला एक जण वर चढताना हात लावतो आणि दुसरा पडल्यावर उठताना. मुलांना हे दुसरं पण कळायला पाहिजे हो, ग्रँड स्लॅमच्या बातमीत ते येत नाही.

त्याच यादीत 2020 सालासमोर विजेत्याचं नावच नाही. कोरोनामुळे फायनल झालीच नाही आणि पुढच्याच महिन्यात त्याच शहरातून शवपेट्या नेणारे मिलिटरीचे ट्रक आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितले. ती रिकामी ओळ बघितली की मला अजून कसंतरी होतं.

आणि इटलीचं कशाला, आपल्या इंदूरात 2014 ला चॅलेंजर झाली होती, साकेत मायनेनी जिंकला, त्याच वर्षी त्याने सानिया मिर्झाबरोबर एशियन गेम्समध्ये मिक्स्ड डबल्सचं गोल्ड घेतलं होतं. आमच्या गल्लीत आजही विचारलं तर दोन माणसांना ठाऊक नसेल. होळकर संघाने चार वेळा रणजी जिंकली हे मात्र शेंबडं पोरगं पण सांगतं, कारण ते वर्षानुवर्षं छापून येतंय.

भाचीचं कोर्ट उघड्यावर आहे. पावसाळ्यात मुलं रबरी वायपरने पाणी ढकलतात, मग स्पंजने लाइनी पुसतात आणि तासाभरात पुन्हा सर येते की सगळं मुसळ केरात, बॉल भिजून जड होतो आणि प्रॅक्टिस बंद. टेबल टेनिसला इथे अभय प्रशालचं इनडोअर स्टेडियम आहे तसं टेनिसच्या मुलांना छप्पर कधी मिळेल ते मिळो, ते काही तुमच्या हातात नाही. पण दर सोमवारी चार ओळी तुमच्या हातात आहेत, कुठली चॅलेंजर, कोण जिंकलं, कोणाला हरवून, आणि आपला कोणी खेळला असेल तर कुठल्या राउंडपर्यंत गेला. जागा नसेल तर माझं हे पत्र छापू नका, त्या जागी निकाल छापा.

आपला,
एक वाचक, रामबाग, इंदूर