ओंकारला पत्र

प्रिय ओंकार,

काल व्हिडिओ कॉलवर डावा हात सारखा कॅमेऱ्याबाहेर ठेवत होतास, पण बँडेज दिसलं मला. काचेची चिप फुटली, नुसतं कापलंय म्हणालास. बरं, कापलंच असेल. त्यावर काही बोलायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसलेय.

तुझं काम मी परवा पिंकीला समजावलं, चुकलं असेल तर सांग. त्या काचेच्या चिपमधल्या केसाहून जरा जाड वाटेत एकीकडून जुन्या मोबाईलमधले धातू विरघळलेलं ॲसिडचं पाणी, दुसरीकडून आयनिक लिक्विड, म्हणजे पातळच राहणारं एक प्रकारचं मीठ, दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत, पोतीतल्या काळ्या मण्यांत सोन्याचे मणी ओवावेत तसे एकाआड एक पुढे सरकतात आणि जाता जाता सोनं पाण्यातून निघून लिक्विडमध्ये जाऊन बसतं. सोन्याला सरकायचं अंतर 10 पट कमी केलं की वेळ 100 पट कमी, म्हणून सगळं काही सेकंदांत. लिटरमागे चार-दोन मिलिग्रॅम असलं तरी सुटत नाही म्हणे.

आबांना हे ऐकवायला हवं होतं रे. गुजरीतल्या सराफांच्या दुकानांची झाडलोट, भट्टीची राख विकत आणायचे, जाळून गाळून तेजाबात टाकायचे, चांदी विरघळायची नि सोनं तळाला राहायचं. मग त्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडून चांदी खाली पाडायची. उरलेलं निळं पाणी सरळ गटारात! त्यात काय काय जात होतं देव जाणे. तपकिरी धूर निघाला की आजी आम्हाला बाहेर हाकलायची. आबांची बोटं कायम पिवळी, आणि शेवटची वर्षं तो खोकला, तो तू ऐकलायस.

तुझ्या लिक्विडला वास नाही, वाफ नाही म्हणतोस, तर मला तेच नको वाटतं. तेजाब निदान घसा धरतं, माणूस लांब पळतो. हेक्झाफ्लोरोफॉस्फेटवालं असेल तर ॲसिडच्या पाण्यात त्यातून हायड्रोजन फ्लोराईड सुटतं, पातळ असलं तर लगेच दुखत पण नाही, काही तासांनी कळतं, तोवर आत हाडाकडे गेलेलं असतं. आमचं लिक्विड दुसऱ्या जातीचं, बिस्ट्रिफ्लिमाइडवालं आहे, ते तसं फुटत नाही, असं तू म्हणशील. ते पण वाचलंय मी. पण शेजारच्या बेंचवर कुणी काय ठेवलंय ते तू रोज बघतोस का? ग्लोव्ह्जला बारीक भोक पडलं तरी बदलायचे, कापलेल्या हाताने तर कामच नको, रात्री एकट्याने... असो. सॉरी. तू पीएचडी करतोस आणि मी तुला ग्लोव्ह्ज शिकवतेय.

तुझे बाबा सगळ्या गल्लीत सांगतात, पोरगं लंडनात सोनं काढतंय. अहो जुन्या मोबाईलच्या पाण्यातलं, आणि ग्रॅमभर पण नाही, म्हटलं तरी ऐकत नाहीत. तुझा पोस्टरसमोरचा फोटो लॅमिनेट करून आणलाय.

आणि हो, ते लिक्विड थोडं थोडं पाण्याबरोबर निघून जातं म्हणालास ना, मग ते पाणी तुम्ही टाकता कुठे? हे खरंच विचारतेय, टोमणा नाही.

भाजणी नि चटणी माईंच्या सुनेबरोबर पाठवतेय, चटणी फ्रीजमध्ये ठेव. बँडेज बदललंस का? लॅबमध्ये हायड्रोजन फ्लोराईड लागलं तर लावायची कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल असते म्हणतात, ती कुठल्या कपाटात आहे बघ आणि एक्सपायरीची तारीख दिसेल असा फोटो टाक.

आई