तुझं निळं आंतरदेशीय सापडलं

भो,

फोनवर आपलं बोलणं होतंच, पण हे फोनवर सांगण्यासारखं नाही म्हणून लिहायला बसलो. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची आबांची पत्र्याची पेटी खाली काढली, अर्धी पेटी पत्रांचीच निघाली रे, आणि त्यात तू हॉस्टेलवरून पाठवलेलं आंतरदेशीय, १९९६ चं. दोन तास तिथंच फरशीवर बसलो होतो, चहा गार झाला.

तुझं अक्षर बघितलं आणि तूच समोर आलास. सुरुवातीला काना-मात्रा एकदम सरळ, मग जागा संपत आली तशी अक्षरं बारीक होत होत समासात वर चढली, कागद आडवा धरून वाचावं लागतं. ‘भरीत’ शब्दाखाली दोन रेघा मारल्यास, दुसरी इतक्या जोरात की मागच्या बाजूला उठलीय, बोट फिरवलं की अजून लागते. आणि एका जागी गिचमिड खोडलंयस. उजेडासमोर धरलं तर खाली ‘परत येऊन जाऊ का’ असं दिसतं. तेव्हा मी ते वाचलंच नव्हतं भो, आज वाचलं. मेसेज डिलीट केला असतास तर हे कधीच कळलं नसतं.

मागं धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात गेलो होतो, मोडी कागद बघायला. मोडीत आधी आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग हात न उचलता अक्षरं तिला लटकवत जायचं, लांबून बघितलं तर ओळ वाऱ्यावर हलतेय असं वाटतं. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी असले कागद गावोगाव हिंडून जमवले, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ म्हणून २२ खंड छापले, १९२६ ला धुळ्यातच गेले. खंडांत मजकूर आहे, पण बोरूतली शाई संपत आली तसं अक्षर फिकं होत गेलं आणि पुन्हा बुडवल्यावर एकदम काळंभोर उमटलं, ते मूळ कागदावरच बघावं लागतं.

मोठी मायला लिहिता येत नव्हतं. ती अहिराणीत सांगायची, आबा पुस्तकी मराठीत उतरवायचे, आणि शेवटी ती कार्डाच्या कोपऱ्याला हळदीचं बोट लावायची. आत्यानं ती कार्डं सगळी जपून परत आणून दिली. मजकूर आबांचा, पण मला त्यात मोठी मायच दिसते, त्या पिवळ्या बोटात तिच्या कातडीच्या रेषासुद्धा आहेत.

आता मुद्द्याचं. तू शेवटची ओळ डिंकाच्या पट्टीलगत लिहिलीस आणि मी मेला घाईत पत्र फाडून उघडलं. ‘आणि हो, तुझ्या’ एवढंच उरलंय, पुढचा तुकडा गेला. पेटी उलटी करून बघितली, नाही सापडला. तुझ्या काय रे? आठवत असेल तर मेसेज नको करू, पोस्टकार्ड अजून ५० पैशांत मिळतं, हातानं लिही.

तुझाच