धक्के किती बसले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवले पुलाच्या उतारावर अपघात झाला की दोन-तीन दिवस तुमच्या पत्रांच्या सदरात उताराची चर्चा असते. उतार फार आहे, ड्रायव्हर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडतात, कॅमेरे लावा, वेग कमी करा. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री चाळीसहून जास्त गाड्यांचा चुराडा झाला तेव्हा हेच वाचलं. १३ नोव्हेंबर २०२५ ला गाड्या पेटून आठ जण गेले तेव्हाही हेच. या दोन्हींच्या मधे, फेब्रुवारी २०२३ मध्ये, त्याच उतारावर पाच गाड्यांचा एक अपघात झाला. कुणी दगावलं नाही, म्हणून पेपरात चार ओळी आल्या. त्यातल्या रिक्षात मागच्या सीटवर मी होते. मला उताराबद्दल काही म्हणायचं नाही. अपघातानंतर काय होतं, ते सांगायचं आहे.

मी वडगाव बुद्रुकला शिवणकाम करते. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, फॉल-पिको. लग्नसराई होती. आंबेगावातल्या एका गिऱ्हाइकाकडे सहा ब्लाउज पोचवून रिक्षाने परत निघाले होते. नऱ्ह्याच्या अलीकडे पुढे गाड्या तुंबलेल्या, म्हणून रिक्षा एका बसमागे थांबली. आमच्यामागे एक मोटार होती, तिच्यामागे टेम्पो, आणि त्याच्यामागून कंटेनर आला. रिक्षा बसवर आपटून उजवीकडे कलंडली. माझा उजवा हात बाजूच्या दांडीखाली सापडला. मनगट मोडलं, अंगठ्याची शीर तुटली. मनगटात आता प्लेट आहे आणि अंगठा वाकून बोटाला टेकत नाही. ज्यांनी कधी कापड बेतलं असेल त्यांना कळेल. मशीन पायाने चालवता येतं, कात्री अंगठ्यानेच चालते.

मला बाहेर काढल्यावर रिक्षावाले दादा पहिलं वाक्य काय बोलले असतील? “ताई, धक्के किती बसले ते ध्यानात ठेवा.” मला इतका राग आला! हात लोंबतोय आणि हा माणूस धक्के मोजायला सांगतोय. पण दादांची हयात रस्त्यावर गेलेली. त्यांना माहीत होतं की पुढे हेच विचारणार आहेत.

दोन बसले होते. आधी एक बारका, पाण्याची बाटली हातातून पडावी एवढा. मग एक-दोन सेकंदांनी मोठा. एकच धक्का असता, तर मागची मोटार व्यवस्थित थांबली होती आणि कंटेनर-टेम्पोने तिला आमच्यावर ढकललं, असा अर्थ झाला असता. दोन धक्के म्हणजे मोटारवाल्याने अंतर ठेवलंच नव्हतं. तो आधी स्वतः येऊन टेकला, मग मागून ढकलला गेला. दोन वर्षांनी कोर्टात मोटारीच्या विमा कंपनीच्या वकिलांनी मला हेच विचारलं. “बाई, तुम्ही घाबरलेल्या होतात. दोन धक्के होते हे कसं सांगता?” मी म्हटलं, पहिल्याला बाटली पडली, ती उचलायला वाकले तेवढ्यात दुसरा बसला. ते पुढच्या प्रश्नावर गेले.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात माझ्यासमोर चार कंपन्या आहेत. मोटारीची कंपनी म्हणते, आम्हाला टेम्पोने ढकललं. टेम्पोची म्हणते, आम्हाला कंटेनरने. कंटेनरची कंपनी म्हणते, ड्रायव्हरकडे अवजड वाहनाचं लायसन्स नव्हतं, म्हणून पॉलिसी लागू नाही. रिक्षाची म्हणते, आमचा माणूस तर उभा होता. आणि चौघेही मला विचारतात की चूक नेमकी कुणाची, ते तुम्ही सिद्ध करा. मी! जिची पाठ मागच्या गाड्यांकडे होती ती.

सुरुवातीला मला वाटायचं की हे खरंच मला सिद्ध करावं लागणार. वर्षभर त्या धास्तीत काढलं. माझा भाचा लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्याने एकदा रात्री बसवून समजावलं. जखमी माणसाची स्वतःचीच थोडी चूक असेल, म्हणजे तो उलट दिशेने आला किंवा सिग्नल तोडला, तर त्याच्या वाट्याएवढी भरपाई कापतात. पण जखमी माणूस नुसता बसलेला प्रवासी असेल आणि चूक दोन-तीन ड्रायव्हरांची मिळून असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे तो सगळी रक्कम त्यांच्यापैकी कुणाही एकाकडून मागू शकतो. कुणाचे किती टक्के, ते त्यांनी मागाहून आपसात बघायचं. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१५ मध्ये खेन्येई खटल्यात हे स्वच्छ सांगितलं आहे. लायसन्सचंही तसंच. २००४ च्या स्वर्णसिंग खटल्यापासून कोर्टं अशा वेळी बहुतेकदा कंपनीला सांगतात की आधी जखमीला पैसे द्या आणि मग मालकाकडून वसूल करा.

म्हणजे माझ्यापुरता धक्क्यांचा हिशेब हा त्या चौघांचा आपसातला हिशेब आहे. तरी तीन वर्षं तारखांना मी जाते आणि ते चौघे एकमेकांकडे बोट दाखवतात. मधल्या मधे मी. सासरी वाटणीच्या भांडणात म्हातारीला कुणी जेवायला घालायचं हे ठरत नाही तोवर ती उपाशी असते, तसं.

खोटे दावेही होतात, हे मला माहीत आहे. कंपनीने तपासू नये असं मी म्हणत नाही. पण माझ्या मनगटात प्लेट आहे याबद्दल चौघांपैकी कुणालाच शंका नाही.

आता पोलिसांचं. क्रेन आली, पाऊण तासात रस्ता मोकळा केला, ते बरंच झालं. पण पंचनाम्यात गाड्या किती? दोन. कंटेनर आणि रिक्षा. मोटार आणि टेम्पो ‘किरकोळ नुकसान’ म्हणून निघून गेले. त्यांचे नंबर मला मिळाले ते एका कॉलेजच्या मुलाने काढलेल्या व्हिडिओतून. नंबर मिळाला की गाडीचा विमा कुठल्या कंपनीचा आणि कधीपर्यंतचा, हे परिवहनच्या अॅपवर भाच्याने पाच मिनिटांत काढलं. तो मुलगा नसता तर दाव्यात दोनच कंपन्या असत्या, आणि त्या दोघी त्या न दिसणाऱ्या दोन गाड्यांकडे बोट दाखवत बसल्या असत्या.

१ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे तपास करणाऱ्या अधिकाऱ्याने अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला द्यायचा, आणि जखमीच्या हातात दहा दिवसांत एक फॉर्म द्यायचा. जखमीचे हक्क काय, पुढे काय होणार, हे त्यात लिहिलेलं असतं. मला असा फॉर्म कुणी दिला नाही. असा काही फॉर्म असतो हे मला दीड वर्षाने कळलं, तेही वकीलबाईंकडून. दावा सहा महिन्यांत लावायचा असतो, हेही मला माहीत नव्हतं. मी पाचव्या महिन्यात पोचले ते नशिबाने.

मला पहिल्यांदा ‘समजावलं’ ते हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये भेटलेल्या एका गृहस्थांनी. दावा मी बघतो, मिळेल त्याचे वीस टक्के द्या. हात गळ्यात, औषधाच्या गुंगीत होते, सही करणारच होते. पण सही करायलाच हात नव्हता! वकिलाला निकालावर टक्केवारी घेता येत नाही, आणि बाईमाणसाला, तिची कमाई कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, हे नंतर कळलं. माझ्या वकीलबाई तिथूनच मिळाल्या.

पैशांचं सांगते, कारण लोक कुजबुजत विचारतात. मला पगाराची पावती नाही. माझ्याकडे मापांची वही आहे. गिऱ्हाइकाचं नाव, छाती-कंबर-बाही, तारीख, शिलाई, आगाऊ किती दिले. सात वर्षांच्या चार वह्या कोर्टात दिल्या. एका वकिलांनी एक वही दोन बोटांत धरली आणि म्हणाले, ही काल रात्रीही लिहिता येते. त्यात हळदीचे डाग आहेत, खडूची धूळ आहे, माझ्या मुलीने चौथीत असताना काढलेला मोर आहे. ती आता अकरावीला आहे. असो.

महिना १२,००० धरले तर वर्षाचे १,४४,०००. अपघाताच्या वेळी माझं वय ४३, त्या वयाला गुणक (वर्षाची कमाई ज्याने गुणायची तो ठरलेला आकडा) १४. म्हणजे २०,१६,०००. आता याचे किती टक्के? सरकारी डॉक्टरांच्या दाखल्यात उजव्या हाताचं अपंगत्व २२ टक्के आहे. कंपन्यांचं म्हणणं, हात म्हणजे अख्खं शरीर नव्हे, त्याचा तिसरा भाग घ्या, सात टक्के. ते होतात १,४१,१२०. पण राजकुमार खटल्यात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की शरीर किती गेलं एवढंच बघू नका, त्या माणसाची कमाई किती गेली ते बघा. हात गेलेला सुतार आणि हात गेलेला कारकून एका मापाने मोजू नका, असं. मी बेतायचं काम आता शेजारणीला देते आणि निम्मी शिलाई तिला जाते. ब्लाउज मी घेतच नाही, फॉल-पिकोवर भागवते. वकीलबाईंनी ६० टक्के मागितले आहेत, म्हणजे १२,०९,६००. दाखल्यावरची २२ ही संख्या बदललेली नाही. ती कशाला लावायची, एवढ्यावर साडेदहा लाखांचा फरक आहे.

मागच्या लोकअदालतीत एका कंपनीने दोन लाख देऊ केले, ‘आमच्यापुरतं मिटवा’ म्हणून. तिथे सही केली की अपील नाही, आणि ‘आमच्यापुरतं’ म्हणजे उरलेल्या तिघांना आणखी एक बोट दाखवायला मोकळीक. मी नाही म्हटलं. घरी सगळे दोन दिवस गप्प होते, कारण दोन लाख म्हणजे मुलीची फी होती.

तुमच्या वार्ताहरांना एवढंच सांगणं आहे की पुढच्या वेळी बातमी देताना उतारासोबत हेही विचारावं: पंचनाम्यात किती गाड्यांचे नंबर घेतले? जखमींना फॉर्म दिला का? आणि विमा कंपन्यांना विचारावं, की प्रवाशाची चूक नाही हे चौघांनाही मान्य असताना एकीने पैसे देऊन बाकीच्या तिघींशी हिशेब करायला काय हरकत आहे?

पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे. कंटेनरच्या कंपनीचा साक्षीदार यायचा आहे. मागच्या दोन तारखांना तो आला नाही.

– शिवणकाम करणारी एक वाचक, वडगाव बुद्रुक, पुणे
(दावा चालू असल्याने नाव छापू नये, ही विनंती.)