जुनी विमानं काळ्या रानात उभी राहायची नाहीत

संपादक महोदय,

लातूर-धाराशिवच्या धावपट्ट्या पडून आहेत, आपल्याकडे पाऊसही बेताचाच, तर अमेरिकेतल्यासारखी निवृत्त विमानं इथे आणून ठेवावीत, अशी सूचना एका वाचकाने गेल्या आठवड्यात या सदरात केली आहे. कल्पना वाचायला गंमतशीर आहे. पण जालन्याच्या एमआयडीसीत भंगाराच्या यार्डावर माझी सव्वीस वर्षं गेली, म्हणून थोडं लिहितो.

अ‍ॅरिझोनात टुसॉनच्या परिसरात विमानं ठेवतात, कारण वर्षाला पाऊस तीनशे मिलिमीटरच्या आसपास आणि हवा कोरडी. आपण दुष्काळी म्हणवतो, पण मराठवाड्याची सरासरी त्याच्या दुपटीहून जास्त आहे, आणि तीही जवळजवळ सगळी चार महिन्यांत. ॲल्युमिनियमला लोखंडासारखा तांबूस गंज चढत नाही. रंगाच्या आत, रिव्हेटच्या कडेने पांढरी भुकटी धरते आणि पत्रा आतून पोकळ होतो. त्याहून मोठी अडचण जमिनीची. टुसॉनची माती इतकी टणक की काँक्रीट न घालताही विमानं उभी राहतात. आपल्या काळ्या रानाला मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि जुलैत बैलगाडी आसापर्यंत रुतते. रिकामं जम्बो पावणेदोनशे टनांच्या घरात असतं. ते धावपट्टीवरच उभं करायचं म्हटलं, तर आपल्याकडे किती मावतील?

दुसरं म्हणजे, खरा पैसा सांगाड्यात नसतोच. आधी इंजिनं उतरतात, मग चाकांचा संच, शेपटीतलं छोटं इंजिन, कॉकपिटमधली यंत्रं. तपासून, कागद करून हे सगळं दुसऱ्या विमानांवर चढतं. इंजिनातल्या चकत्यांचं आयुष्य तर वर्षांत नाही, उड्डाणांत मोजतात, आणि एकेका उड्डाणाची नोंद लागते. ती फाईल हरवली तर चांगला भागही भंगार, आरसी बुक नसलेल्या मोटारसायकलसारखा. पैसा असा सुट्या भागांत असतो, म्हणूनच फ्रान्समध्ये तार्बला जेमतेम दहा वर्षं उडालेली एअरबसची ए-३८० विमानं सुटी करायला घेतली. मोडली नव्हती, फक्त अख्खी घेणारं गिऱ्हाईक मिळेना.

राहिला पत्रा. आमच्या यार्डात ट्रक रिकामा झाला की वरून चुंबक फिरायचं. चिकटलं ते भट्टीला, उरलं ते बाजूला. विमानाचं बहुतेक सगळं बाजूलाच पडेल, कारण जालन्याच्या भट्ट्या लोखंडाच्या आणि विमानाचा पत्रा ॲल्युमिनियमचा. त्यातही कुठे तांबं मिसळलेलं, कुठे जस्त. निवडून वेगळं केलं नाही तर त्याचा पुन्हा विमानाचा पत्रा होत नाही, साधं ओतकाम होतं. आणि नव्या बोइंग ७८७ किंवा एअरबस ए-३५० मध्ये निम्मं वजन कार्बन फायबरचं. ते वितळतच नाही. त्याचं काय करायचं हे पुढच्या पिढीच्या भंगारवाल्यांनी ठरवावं.

हायवेवर विमानाचं हॉटेल काढू म्हणणारेही भेटतात. त्यांनी डिसेंबर २०२३ ची बिहारमधल्या मोतिहारीची गोष्ट आठवावी. मुंबईहून आसामकडे ट्रकवर निघालेला विमानाचा सांगाडा तिथल्या पुलाखाली अडकला होता आणि बघ्यांनी रस्ता भरला होता.

आणायचंच असेल तर एकच विमान आणा, पंख आणि चाकांसकट, आणि संभाजीनगरच्या एखाद्या आयटीआयच्या आवारात शेड घालून ठेवा. नागपूरला मिहानमध्ये २०१५ पासून विमान दुरुस्तीचं केंद्र चालू आहे. तिथे आपल्याकडची पोरंही लागू शकतात. माझा पुतण्या आयटीआयला आहे. हायड्रॉलिक जॅक तो आजही भिंतीवरच्या तक्त्यावर शिकतो, आणि त्या तक्त्याचा खालचा कोपरा उंदरांनी खाल्लाय.

– एक वाचक, जालना