ताज्या टॅटूवर काय लावावे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणेशोत्सव तोंडावर आल्याने शहरात टॅटू काढून घेणाऱ्यांची गर्दी वाढली असून त्याविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. नक्षी, रंग आणि दर यांची सविस्तर माहिती त्यात होती. मात्र टॅटू काढून घरी आल्यावर त्यावर काय लावावे, याबद्दल एक ओळही नव्हती. सदाशिव पेठेत माझे औषधांचे दुकान आहे आणि या दिवसांत हा प्रश्न माझ्या काउंटरवर रोज येतो, म्हणून हे पत्र.

मागच्या आठवड्यात ढोल पथकातली एक मुलगी दंडावरचा तीन दिवसांचा टॅटू दाखवायला आली होती. पेट्रोलियम जेली तिने इतकी जाड थापली होती की नदीपात्रातल्या सरावाची धूळ तीत चिकटून काळपट थर झाला होता आणि कडेने बारीक पुरळ उठले होते. आजीच्या सांगण्यावरून मध्ये एकदा हळदही लावून झाली होती. “काका, आता यावर आणखी काय लावू?” असे तिने विचारले तेव्हा, आधी लावलेले सगळे धुऊन काढ, एवढेच मी सांगितले.

टॅटूची शाई वरच्या त्वचेखालच्या थरात, म्हणजे साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल, सुईने सोडलेली असते. त्यामुळे ताजा टॅटू ही जखमच असते आणि वरची त्वचा भरून यायला दोन ते चार आठवडे लागतात. या काळात कोमट पाणी, सुगंध नसलेला सौम्य साबण, स्वच्छ कापडाने टिपून कोरडे करणे आणि साध्या मॉइश्चरायझरचा पातळ हात, एवढे बहुतेकांना पुरते. खपली धरली की खाज सुटते, पण ती नखाने काढली तर खालचा रंगही जातो.

निवड करताना वेष्टनाच्या दर्शनी बाजूपेक्षा मागची बारीक अक्षरे वाचावीत. ‘अनसेंटेड’ लिहिलेल्या क्रीममध्येही मूळ वास झाकण्यासाठी सुगंधी द्रव्य असू शकते, त्यामुळे ‘फ्रेग्रन्स-फ्री’ हे शब्द शोधावेत आणि घटकांच्या यादीत ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रेग्रन्स’ दिसल्यास ती ट्यूब परत ठेवावी. ‘हर्बल’ या शब्दाने तर आपण सारेच भुलतो. पण टी-ट्री किंवा लॅव्हेंडरसारख्या सुगंधी तेलांचीही ॲलर्जी येते.

खरी तक्रार मात्र माझ्याच व्यवसायातल्या काहींबद्दल आहे. लाली आणि खाज म्हटले की क्लोबेटासॉल, निओमायसिन हे प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र असलेली ट्यूब चिठ्ठीशिवाय काढून दिली जाते. यातले क्लोबेटासॉल हे तीव्र स्टेरॉइड असल्याने लाली दोन दिवसांत उतरते खरी, परंतु जखम भरण्याचा वेग मंदावतो आणि जंतुसंसर्ग झाला असल्यास तो झाकला जातो. निओमायसिनने तर अनेकांना त्वचेची ॲलर्जी होते. लाली पसरत असेल, पू किंवा ताप येत असेल, तर औषधाच्या दुकानात न येता थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे, हे दुकानदार असूनही मी सांगतो.

सनस्क्रीनही जखम पूर्ण भरेपर्यंत लावू नये. तोवर सैल सुती बाही पुरे, आणि पुढे एसपीएफ ३० किंवा अधिकचे लावत राहिल्यास रंग टिकतो. जलतरण तलावही तोवर वर्ज्य. पथकातल्या मुलामुलींनी ढोलाची दोरी किंवा ताशाचा पट्टा घासतो तेथे टॅटू काढणे टाळावे, आणि काढायचाच असेल तर मिरवणुकीच्या निदान महिनाभर आधी. आपल्या पुरवणीतला लेखही त्याच हिशेबाने पुढच्या वर्षी थोडा लवकर आला आणि त्यासोबत एखाद्या त्वचारोगतज्ज्ञांची चौकट छापली गेली, तर काउंटरवरचे माझे निम्मे बोलणे वाचेल.

आपला,
एक औषधविक्रेता, सदाशिव पेठ, पुणे