विषय : उभ्या सागाचा चुकीचा लेझर स्कॅन अहवाल, पैसे परत मिळण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा,
महापे, नवी मुंबई

तुमच्या हेल्पलाइनचा फोन आत्ताच ठेवला. आता लेखीच घ्या.

मुरबाडकडच्या आमच्या सागाचा स्कॅन तुमच्या माणसांनी केला. अहवालात जवळपास प्रत्येक झाडापुढे 'प्रत अ, खोड निरोगी'. व्यापारी आला, कुऱ्हाड उलटी धरून बांधावरच्या सागाला ठोकली, तर रिकाम्या डब्यासारखा आवाज. सालीवर ओरखडासुद्धा नाही. तो हसला आणि सगळ्याच झाडांचा भाव पाडून मागू लागला.

लेझरचा किरण सालीवर आपटून परत येतो, आत शिरत नाही. हे मी तुम्हाला सांगायचं? घेर, उंची, खोडाचा बाक, फांद्या कुठे फुटल्यात आणि त्यावरून गाठींचा अंदाज, एवढं लेझर सांगतं. नीट केलं तर उत्तम सांगतं. पोकळी बघायला खोडातून ध्वनिलहरी सोडणारं नाहीतर बारीक सुई घुसवणारं यंत्र लागतं. मग 'निरोगी' हा शब्द कुणी टाइप केला?

आज फोनवर हेच विचारलं. पलीकडचा मुलगा म्हणाला, "सर, मशीन रीस्टार्ट करून पाहिलंत का?" मशीन तुमचं. तुमच्या गाडीतून आलं, तुमच्याच गाडीतून गेलं. मग होल्डवर गाणं. परत येऊन, "सर, प्रॉब्लेम कुठल्या मॉडेलला आहे?" म्हटलं, सागाला. पुन्हा गाणं. शेवटी एक सिनिअर मॅडम आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "काका, झाड आतून पोकळ आहे हे तुम्ही स्कॅनच्या आधीच सांगायला हवं होतं. फॉर्ममध्ये 'झाडाची पूर्वस्थिती' असा रकाना आहे." अहो, ते मला माहीत असतं तर तुम्हाला पैसे कशाला मोजले असते? माझा आवाज चढला. लगेच, "काका, कॉल रेकॉर्ड होतोय." होऊ दे की! तुमच्या साहेबांना जेवताना ऐकवा.

स्कॅन केला तोही पाऊस सरता सरता, झाडं पानांनी गच्च असताना. साग उन्हाळ्याच्या तोंडाशी उघडा पडतो, तेव्हा फांद्या दिसतात. वरच्या भागात लेझरने टिपलेल्या बिंदूंचा पत्ता नाही, तरी शेरा 'गाठी नाहीत'. बरं, स्टँड लावला फक्त पायवाटेच्या बाजूला. करवंदीच्या जाळीत कोण शिरणार! खोडाची मागची बाजू सॉफ्टवेअरने गोल धरून भरून टाकली. सागाचा बुंधा खाचाखाचांचा असतो, हे सॉफ्टवेअरला नसेल ठाऊक, पण तुम्हाला?

घनफुटांचंही तेच. व्यापारी चौथाई घेराने मोजतो, म्हणजे घेराच्या चौथ्या भागाचा वर्ग गुणिले लांबी. त्यात गोल खोडाचं माप खऱ्याच्या साधारण ७८.५ टक्केच भरतं. तुमचा आकडा पूर्ण गोलाईचा, सालीसकट. अहवालात तशी एक ओळ असती तर चारचौघांत माझं हसं झालं नसतं. आणि पुन्हा विचारतो, 'निरोगी' कुणी टाइप केलं?

पूर्ण पैसे परत हवेत. स्कॅनचा कच्चा डेटाही हवा, त्याचे पैसे मी दिलेत. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर ठाण्याच्या ग्राहक आयोगात जाईन, आणि मुरबाड-शहापूरकडच्या ज्या ज्या बागायतदाराला तुमचं नाव मी कौतुकाने सांगितलं होतं, त्याला हा अहवालही दाखवीन.

उत्तर लेखीच द्या. फोन करायचाच असेल तर त्या मॅडमनी करू नये.

तुमचा (अजून तरी) ग्राहक,
नौपाडा, ठाणे