नवं घर बांधताना नेटच्या वायरीसाठी पण पाईप टाका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या कोल्हापुरात पाचगाव, कळंबा, आर. के. नगर, जिकडं बघावं तिकडं दोन मजली घरं उठतायत आणि जवळपास प्रत्येक घरात फायबरचं नेट येतंय. पण बांधताना नेटच्या वायरीचा विचार मात्र कुणी करत नाही, म्हणून हे पत्र. मी वायरिंग, कॅमेरे आणि नेट बसवायची कामं करतो, त्यामुळं रोज बघतो. एसीचा पॉइंट कुठं, देवघरातला लाईट कुठं हे मालक स्वतः उभं राहून सांगतात, आणि नेटचं विचारलं की म्हणतात "वायफायच घ्यायचाय की, वायर कशाला?"

मग फायबरवाला येतो, वायर जिथून आत घ्यायला सोपी तिथंच, म्हणजे दाराजवळ नाहीतर टीव्हीच्या मागं, राऊटरचा डबा लावून जातो आणि वरच्या खोलीत पोरांचा क्लास अडकत बसतो. राऊटर दोन बँडवर, म्हणजे रेडिओ लहरींच्या दोन पट्ट्यांवर चालतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. ५ चा स्पीड लई भारी पण भिंत आडवी आली की तो लवकर दमतो, २.४ लांब जातो पण स्पीड कमी आणि फ्लॅटमध्ये तर शेजारपाजारचे सगळे राऊटर त्याच गर्दीत. स्लॅबमध्ये तर सळ्यांची जाळी असते, ती सिग्नल अडवते. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांच्या दगडमातीच्या जाड भिंतींचं तर विचारूच नका.

मग लोक रिपीटर, म्हणजे राऊटरचा सिग्नल पकडून पुढं पाठवणारा डबा आणतात आणि जिथं रेंज नाही बरोबर तिथंच लावतात! अहो, त्याच्यापर्यंतच रेंज पोचत नाही तर तो पुढं काय देणार? तो मधल्या जागी लावावा लागतो. आणि स्वस्तातला रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच्यावरच पुढं पाठवतो, म्हणून स्पीड जवळपास निम्मा होतो. मेश, म्हणजे मिळून एकच वायफाय देणारे दोन-तीन डबे घेतले तरी दोन डब्यांच्या मध्ये स्लॅब आला की तोच त्रास, मेशची खरी मजा डबे केबलनं जोडल्यावर.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की वायफाय चांगलं पाहिजे असेल तर आधी वायर ओढा. नेटची कॅट-६ केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट स्पीड आरामात नेते. खालच्या डब्यापासून वर केबल न्यायची आणि वर दुसरा राऊटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाकायचा, म्हणजे तो फक्त वायफाय देतो, घरातला जुना असला तरी चालतो. मोड मात्र बदलायलाच पाहिजे, नाहीतर दोन्ही डबे आपापले आयपी, म्हणजे नेटवर्कवरचे पत्ते वाटत बसतात आणि खालच्या मोबाईलला वरचा प्रिंटर दिसत नाही. केबल घेताना अस्सल तांब्याची बघून घ्या, बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची पण मिळते, ती लवकर तुटते आणि त्याच केबलवरून कॅमेऱ्याला पॉवर दिली तर तापते.

आता स्मार्ट बल्ब, स्मार्ट प्लग पण घरोघरी आलेत. "बल्ब जोडलाच जात नाही" म्हणून फोन येतात, बहुतेक वेळा वस्तू खराब नसते, ती फक्त २.४ वर चालते आणि दोन्ही बँडचं नाव एकच असल्यानं मोबाईल ५ वर असतो. थोडा वेळ ५ बंद करा, जोडून घ्या, परत चालू करा. आणि कॅमेऱ्याचा कंपनीनं दिलेला पासवर्ड तसाच ठेवू नका. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसनं असल्याच पासवर्डवर जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग करणारे डबे) ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर अमेरिकेतल्या मोठ्या मोठ्या वेबसाईट बंद पाडल्या होत्या. आपल्या बेडरूमकडं तोंड करून कॅमेरा असतो, आपल्या लेकीबाळी त्या घरात राहतात, हे साधं काम कुणी टाळू नये असं मला मनापासून वाटतं. पासवर्ड बदला, आणि कॅमेरे-बल्ब राऊटरच्या गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर ठेवलेले बरे, बँकेचं अ‍ॅप असलेला मोबाईल वेगळा.

बिल्डर आणि इंजिनिअर मंडळींना विनंती, प्रत्येक मजल्याला नेटसाठी एक वेगळा पाईप द्या. लाईटच्या वायरीच्या पाईपमध्ये नेटची केबल कोंबू नका, त्यानं सिग्नलला त्रास होतो आणि धोकाही आहे. आत्ता केबल टाकायची नसेल तर पाईपमध्ये ओढायला एक तार सोडून ठेवा. घराच्या खर्चात ही रक्कम काहीच नाही, पण नंतर झिऱ्या मारून, म्हणजे भिंतीत खाचा पाडून प्लास्टर फोडायचं म्हटलं की मालकाच्या पोटात गोळा येतो आणि शेवटी भिंतीवर केसिंग पट्टी मारून भागवावं लागतं.

साहेब, तुमच्या पेपरात घरबांधणीची पुरवणी येते, तीत या विषयावर एक पान द्या. पावसाळा संपला की स्लॅबची कामं जोरात सुरू होतात आणि पाईप पडतात ते स्लॅबच्या आधीच, त्यामुळं त्याच्या अगोदर छापून आलं तर लोकांच्या कामी येईल.

आपला,
एक वायरमन, राजारामपुरी, कोल्हापूर